घरच्या राउटरवर पोर्ट उघडूनही माइनक्राफ्टचा सर्व्हर बाहेरून का दिसत नाही?

कोथरूडचा_रहिवासी

नमस्कार. माझा मुलगा नववीत आहे. त्याच्या वर्गातले दोन जिवलग मित्र वडिलांच्या बदलीमुळे पुणे सोडून गेले, एक नाशिकला आणि एक कोल्हापूरला. सुट्टीत तिघांना पूर्वीसारखे एकत्र खेळता यावे म्हणून घरातल्या जुन्या संगणकावर माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर चालू केला आहे. संगणकावर विंडोज आहे, त्याचा घरातला पत्ता १९२.१६८.०.५० आहे आणि सर्व्हर २५५६५ या नेहमीच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारावर, चालतो. घरातल्या लॅपटॉपवरून मुलगा याच पत्त्याने विनासायास आत जातो.

मित्रांना आत घेण्यासाठी मी राउटरच्या पानावर जाऊन ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ या सदरात २५५६५ हा टीसीपी पोर्ट वरील पत्त्याकडे वळवला. ‘माझा आयपी पत्ता कोणता’ हे सांगणाऱ्या संकेतस्थळावर दिसलेला पत्ता मुलांना दिला. दोघांनाही बराच वेळ वाट पाहिल्यावर ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असाच संदेश येतो. नियम पुसून पुन्हा लिहिला, राउटर बंद करून चालू केला, तरी फरक नाही. कुठून शोध घ्यायला सुरुवात करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खाणकाम_२५५६५

काका, विंडोजचा फायरवॉल पूर्ण बंद करून बघा. तरीही चालले नाही, तर राउटरमध्ये त्या संगणकाला डीएमझेड या मोकळ्या सदरात टाका, म्हणजे त्याचे सगळेच पोर्ट उघडतील.

रात्रपाळी_हिंजवडी

डीएमझेडचा मार्ग कृपया घेऊ नका. त्यामुळे बाहेरून येणारी प्रत्येक विनंती थेट त्या संगणकावर आदळते, आणि एका खेळापायी घरातला संगणक उघड्या रस्त्यावर ठेवण्याचे काहीच कारण नाही. शिवाय ‘टाइम्ड आउट’ येण्याचे कारण राउटरच्या पलीकडे असेल, तर डीएमझेडनेही काही साधत नाही.

अशा प्रकरणात मी नेहमी आतून बाहेर जाते, आणि मागचा टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावत नाही. सर्व्हरच्याच संगणकावर खेळ उघडून ‘लोकलहोस्ट’ या नावाने जोडता येते का, हे आधी पाहावे. मग घरातल्या दुसऱ्या यंत्रावरून घरातल्या पत्त्याने जोडता येते का ते पाहावे. हे दोन्ही होत असेल, तर सर्व्हर जिवंत आहे आणि निदान घरातल्या यंत्रांपुरता तरी फायरवॉल आड येत नाही. आपल्याकडे एवढे सिद्ध झालेलेच आहे.

पुढचा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि घोडे तिथेच अडलेले असते. राउटरच्या पानावर ‘स्टेटस’ किंवा ‘इंटरनेट’ या सदरात राउटरला स्वतःला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता दिसतो. त्याला वॅन आयपी म्हणतात. तो पत्ता आणि संकेतस्थळावर दिसणारा पत्ता एकच आहे का? आकड्याला आकडा लावून पाहा आणि इथे कळवा. सार्वजनिक पत्ता असेल, तर त्याचा शेवटचा भाग इथे लिहू नका.

आणखी एक विनंती. बाहेरून चाचणी घ्यायची असेल, तेव्हा फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरूनच घ्या. घरच्या वायफायवर बसून घराचा बाहेरचा पत्ता तपासला, तर काही राउटर तो फेरा पूर्ण करू देत नाहीत, आणि सगळे नीट असतानाही बिघाड असल्याचा भास होतो.

कोथरूडचा_रहिवासी

ताई, आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. राउटरच्या पानावर वॅन आयपी १९२.१६८.१.५ असा दिसतो. संकेतस्थळावरचा पत्ता अगदीच निराळा आहे. फोनच्या मोबाइल डेटावरून पोर्ट तपासला, तो बंद दिसतो.

तारखात्यातला

मी दूरसंचार क्षेत्रातून निवृत्त झालो आहे. तुमच्या एका ओळीतून पुष्कळ कळले. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता इंटरनेटवर कधीच वापरला जात नाही. १९९६ मध्ये आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले: १० ने सुरू होणारे सगळे पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ चे. तुमच्या राउटरच्या बाहेरच्या अंगालाच यांपैकी पत्ता आहे, याचा अर्थ त्याच्या पुढे आणखी एक राउटर बसलेला आहे.

तो शोधायला लांब जावे लागणार नाही. भिंतीवर जिथे फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक तार येते, तिथे कंपनीने लावलेला डबा असेल. त्याला ओएनटी म्हणतात. प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलणे हे त्याचे मूळ काम, पण हल्ली बहुतेक ओएनटी राउटरचे कामही स्वतःच करतात. त्याला तुम्ही आपला राउटर जोडलात, म्हणजे पत्ते बदलण्याची क्रिया, जिला नॅट म्हणतात, ती दोनदा होऊ लागली. बाहेरून आलेले पाकीट आधी ओएनटीवर पोहोचते. २५५६५ वर आलेले कोणाकडे द्यायचे याची सूचना ओएनटीकडे नाही, म्हणून ते तिथेच टाकून दिले जाते. तुमच्या राउटरवरचा नियम बरोबर आहे, त्याच्यापर्यंत काही येतच नाही एवढेच.

यावर तीन उपाय आहेत. ओएनटीच्या पानावरही तोच नियम लिहायचा आणि तिथे आतला पत्ता म्हणून १९२.१६८.१.५ द्यायचा, हा पहिला. दुसरा असा, की आपल्या राउटरला ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवायचे, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवील आणि राउटरचे सारे काम ओएनटीकडे राहील. तिसरा उपाय मला सर्वांत स्वच्छ वाटतो: ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यायचा, म्हणजे तो मधल्या नळीसारखा वागतो आणि बाहेरचा पत्ता थेट तुमच्या राउटरला मिळतो. हे बहुधा कंपनीच्या माणसालाच करावे लागते, कारण ओएनटीचा प्रशासकीय पासवर्ड ग्राहकाला देत नाहीत. तो येईल तेव्हा पीपीपीओई, म्हणजे वापरनाव देऊन सुरू होणारी, जोडणी असल्यास तिचे वापरनाव, पासवर्ड आणि लागत असल्यास व्हीलॅन क्रमांक त्याच्यादेखत राउटरमध्ये भरून घ्या. तो निघून गेल्यावर हे आकडे मिळवताना नाकी नऊ येतात. ओएनटीलाच घरचा दूरध्वनी जोडला असेल, तर ब्रिज केल्यावर तो चालू राहतो का, हेही त्याच्यासमोरच तपासा.

सिंहगड_रस्ता

आमच्या सोसायटीत दोन-तीन कंपन्यांच्या तारा आहेत. यांपैकी एका जोडणीवर ब्रिज मोड करून देणार नाही, असे स्पष्ट सांगितले गेले. तिथे मी दुहेरी नियम लिहिला आणि तो व्यवस्थित चालतो. त्यामुळे नकार मिळाला, तरी पहिला उपाय उपलब्ध आहे हे नोंदवून ठेवतो.

कोथरूडचा_रहिवासी

सर्वांचा आभारी आहे. तंत्रज्ञ येऊन गेला आणि त्याने ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून दिला. पीपीपीओईचे तपशील मी लिहून ठेवले आहेत. आता राउटरला १०० ने सुरू होणारा वॅन पत्ता दिसतो, दुसरा आकडा ७२ आहे. मला वाटले काम झाले. पण संकेतस्थळावर अजूनही वेगळाच पत्ता दिसतो आणि मुलांना तोच ‘टाइम्ड आउट’चा संदेश येतो. पुढे आणखी एखादा राउटर आहे का? घरात तर आता दुसरा कुठलाच डबा नाही.

रात्रपाळी_हिंजवडी

आहे, पण तो आपल्या घरात नाही, कंपनीच्या केंद्रात आहे, आणि आपल्या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे.

आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. जागतिक पातळीवरचा मोकळा साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला आणि आशिया-प्रशांत विभागाला वाटप करणारी एपनिक ही संस्था त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आली. आपल्याकडे घरोघरी फायबर पोहोचले ते बहुतांशी त्यानंतर. प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र पत्ता द्यायला कंपन्यांकडे पत्तेच पुरेसे नव्हते. मग घरातला राउटर जे घरासाठी करतो, तेच कंपनीने शेकडो घरांसाठी आपल्या केंद्रात करायला सुरुवात केली. याला कॅरिअर ग्रेड नॅट, थोडक्यात सीजीनॅट, म्हणतात. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ ने १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा राखून दिला. आपला १००.७२ या पट्ट्यात अचूक बसतो. काही कंपन्या याच कामासाठी १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात, त्यामुळे वॅनवर १० दिसले तरी अर्थ तोच घ्यावा.

हे असे समजा, की साऱ्या सोसायटीचा टपालासाठी एकच पत्ता आहे आणि फाटकावरच्या नोंदवहीत कोणाच्या घरातून कोणते पत्र बाहेर गेले एवढेच लिहिलेले आहे. उत्तर आले की वही पाहून ते बरोबर घरी पोहोचते. पण कोणीही न मागवलेले पत्र आले, तर ते कोणाचे हे वहीत नसते, आणि ते परत जाते किंवा टोपलीत पडते. कोल्हापूरच्या मुलाने खेळात ‘जॉइन’ दाबले, की त्याची विनंती म्हणजे असेच न मागवलेले पत्र होय. आपण आपल्या दारावर कितीही मोठी पाटी लावली, तरी फाटकावरच्या वहीवर आपला अधिकार चालत नाही. म्हणून सीजीनॅटच्या मागे असताना राउटरवरचा पोर्ट फॉरवर्डिंगचा म्हणजे पोर्ट वळवण्याचा नियम, यूपीएनपी (पोर्ट आपोआप उघडण्याची सोय) किंवा डीएमझेड, यांपैकी कशाचाच उपयोग नाही.

खात्री करायची असेल, तर विंडोजच्या कमांड खिडकीत ‘ट्रेसर्ट’ ही आज्ञा देऊन तिच्यापुढे संकेतस्थळावर दिसलेला आपला पत्ता लिहा. तो पत्ता खरोखर आपल्या राउटरचा असता, तर प्रवास एकाच टप्प्यात संपला असता. मध्ये आणखी थांबे दिसले, की पत्ता पलीकडच्या कोणाचा तरी आहे हे उघड होते.

तारखात्यातला

ताईंनी नेमके सांगितले. आता कंपनीशी बोलताना काय मागायचे, ते सांगतो. ग्राहक सेवा केंद्रात ‘गेम चालत नाही’ अशी तक्रार नोंदवलीत, तर ते वेगाची चाचणी घ्यायला लावतील, वेग उत्तम निघेल आणि तक्रार बंद होईल. ‘माझी जोडणी सीजीनॅटवर आहे, मला सार्वजनिक आयपी व्ही-४ पत्ता हवा आहे’ या शब्दांत मागणी लेखी, म्हणजे ईमेलने करा. सार्वजनिक पत्ता आणि स्थिर पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला सार्वजनिक हवाच आहे. स्थिर नसला तरी चालेल, कारण बदलत्या पत्त्याला डायनॅमिक डीएनएस सेवेने कायमचे नाव देता येते. मात्र पुष्कळ कंपन्या सार्वजनिक पत्ता फक्त ‘स्टॅटिक आयपी’ या नावाने, वेगळ्या मासिक शुल्काने देतात, आणि काही घरगुती योजनेवर तो देतच नाहीत. पैसे भरण्याआधी ‘येणाऱ्या जोडण्यांसाठी पोर्ट खुले असतात का’, हा प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्या.

खाणकाम_२५५६५

काका, कंपनीचे उत्तर येईपर्यंत मुलांचा खेळ थांबायला नको. आम्ही वसतिगृहात राहतो, आणि तिथल्या राउटरला हातही लावता येत नाही, म्हणून आम्ही टेलस्केल वापरतो. प्रत्येकाच्या संगणकावर ते बसवायचे, सर्व्हरचा संगणक मित्रांबरोबर शेअर करायचा, की सगळे जणू एकाच घरातल्या जाळ्यात असल्यासारखे जोडले जातात. पोर्ट उघडावा लागत नाही. सीजीनॅट असला, तरी दोन्ही बाजू आतून बाहेर जोडणी करत असल्यामुळे मार्ग सापडतो, आणि थेट मार्ग नाहीच सापडला तर मधल्या सर्व्हरवरून वाहतूक जाते, तेव्हा मात्र खेळ थोडा अडखळतो. झिरोटियर हे याच प्रकारचे दुसरे साधन आहे.

एक घोळ मात्र आधीच सांगतो. टेलस्केल आपल्या यंत्रांना जे पत्ते देते, तेही त्याच १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यातले असतात. त्यामुळे संगणकावर १०० ने सुरू होणारा पत्ता दिसला, म्हणून तो लगेच सीजीनॅटचा समजू नका. सीजीनॅटचा निर्णय राउटरच्या पानावरूनच करा.

सिंहगड_रस्ता

मित्रांच्या संगणकांवर काही बसवायचे नसेल, तर मुंबईतल्या एखाद्या विदासाठवण केंद्रात छोटा व्हीपीएस, म्हणजे आभासी सर्व्हर, भाड्याने घेऊन घरापासून तिथपर्यंत वायरगार्ड या साधनाने सुरक्षित बोगदा काढता येतो. मित्र व्हीपीएसच्या सार्वजनिक पत्त्यावर येतात आणि तो वाहतूक आपल्या घरी पाठवतो. पुणे-मुंबई अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे या वळणामुळे अंतरापोटी जाण्यायेण्याचे दीड-दोन मिलिसेकंदच वाढतात. तोच व्हीपीएस युरोपात किंवा अमेरिकेत स्वस्त मिळाला म्हणून घेतला, तर ठोकळा फोडल्यावर तो क्षणभराने फुटताना दिसेल. पण एवढे करायचे, तर थेट सर्व्हरच भाड्याने का घेऊ नये, हा प्रश्न रास्त आहे.

कोथरूडचा_रहिवासी

सर्व्हर घरीच ठेवण्याचा माझा आग्रह आहे. मुलगा त्याच्या फायली उघडून पाहतो, काय बदलले की काय होते हे स्वतः शोधतो, आणि या धाग्यातले प्रत्येक उत्तर तो माझ्याबरोबर बसून वाचतो आहे. भाड्याच्या सर्व्हरवर खेळ मिळेल, हे मिळणार नाही.

टेलस्केल तूर्त बसवले आहे. मुले काल रात्री खेळली. कंपनीला ईमेलही पाठवला आहे.

रात्रपाळी_हिंजवडी

हे वाचून फार बरे वाटले. मग उत्तर येईपर्यंत आयपीची सहावी आवृत्तीही तपासून पाहा. भारतात ती आता मोठ्या प्रमाणावर चालू आहे आणि सीजीनॅटवर असलेल्या कित्येक घरांना ती मिळालेलीही असते. तिच्यात पत्त्यांची टंचाई नाही, त्यामुळे घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो आणि पत्ते बदलण्याची भानगडच उरत नाही. ‘आयपीकॉन्फिग’ आज्ञेत २ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला, तर तो तसा आहे. ‘एफई८०’ ने सुरू होणारा मात्र घरापुरताच असतो, तो मित्रांना देऊन उपयोग नाही.

इथे पोर्ट ‘वळवायचा’ नसतो, फक्त ‘उघडायचा’ असतो. राउटरच्या आयपी व्ही-६ फायरवॉलमध्ये त्या संगणकाच्या २५५६५ टीसीपीला परवानगी द्यावी लागते. काही राउटरांवर ही सोयच दिलेली नसते. विंडोज दोन प्रकारचे जागतिक पत्ते दाखवते, त्यांपैकी ‘टेम्पररी’ लिहिलेला काही काळाने बदलतो, म्हणून दुसरा घ्या. मित्रांनी खेळात पत्ता लिहिताना तो चौकटी कंसात लिहावा आणि मग विसर्गचिन्हासारखे दोन टिंब देऊन पोर्ट लिहावा. सर्व्हरच्या ‘सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज’ या फायलीत ‘सर्व्हर-आयपी’पुढची जागा रिकामीच असू द्या.

कोथरूडचा_रहिवासी

दोन बातम्या आहेत. नाशिकचा मित्र सहाव्या आवृत्तीच्या पत्त्याने टेलस्केलशिवाय आत आला. कोल्हापूरच्या मित्राच्या जोडणीवर ती आवृत्तीच नाही, त्यामुळे त्याला ते जमले नाही.

दुसरी बातमी अशी, की कंपनीने शुल्क घेऊन स्टॅटिक आयपी दिला. आता राउटरच्या वॅनवरचा आणि संकेतस्थळावरचा पत्ता एकच आहे. तपासून झाल्यावर मोठ्या आशेने कोल्हापूरला फोन केला, तर त्याला आता ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असा संदेश येतो, आणि तोही पटकन. या दिवसांत मुलाची परीक्षा होती, त्यामुळे तो संगणक बंदच होता, आजच चालू केला.

रात्रपाळी_हिंजवडी

संदेश बदलला, ही प्रगती आहे. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे विनंती वाटेत कुठेतरी हरवली आणि कोणीच उत्तर दिले नाही. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे ती कोणत्या तरी यंत्रापर्यंत पोहोचली आणि त्या यंत्राने ‘या पोर्टवर माझ्याकडे कोणी नाही’ असे उत्तर पाठवले. म्हणजे कोल्हापूरपासून आपल्या दारापर्यंतचा रस्ता आता मोकळा आहे.

प्रश्न एवढाच, की नकार कोण देतो आहे? तो सर्व्हरचा संगणक नसावा, असा माझा अंदाज आहे, कारण विंडोजचा फायरवॉल चालू असताना बंद पोर्टवर आलेल्या विनंतीला तो सहसा नकारही देत नाही, गप्प बसतो. उरतो एक तर राउटर स्वतः, किंवा घरातले दुसरेच एखादे यंत्र. कृपया आतले टप्पे पुन्हा तपासा. सर्व्हरच्या संगणकाचा आजचा घरातला पत्ता काय आहे? आणि राउटरच्या डीएचसीपी यादीत, म्हणजे घरातले पत्ते कोणाला दिले त्या यादीत, १९२.१६८.०.५० या पत्त्यावर आज कोण बसले आहे?

कोथरूडचा_रहिवासी

संगणकाचा पत्ता आज १९२.१६८.०.५३ आहे. ५० वर दिवाणखान्यातला टीव्ही आहे.

तारखात्यातला

मग कोल्हापूरचा मुलगा तुमच्या टीव्हीचे दार ठोठावत होता, आणि टीव्हीने त्याला योग्य ते उत्तर दिले. राउटर घरातले पत्ते ठरावीक मुदतीच्या बोलीवर देतो. संगणक बंद असताना मुदत संपली आणि मोकळा झालेला पत्ता पुढच्या मागणाऱ्याला गेला. वीज जाऊन आली, की हा खेळ विशेष रंगतो, कारण पुष्कळ घरगुती राउटर बंद पडताच आपली नोंद विसरतात आणि सगळी यंत्रे नव्याने पत्ते मागू लागतात. आपल्याकडे दुरुस्तीसाठी वीज बंद राहण्याचे प्रसंग नवे नाहीत. ओएनटी आणि राउटर या दोघांनाही बारा व्होल्टचा छोटा बॅकअप लावलात तर बरे, अर्थात दोन्ही यंत्रांच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिले आहे ना, हे आधी वाचून घ्या.

कायमचा उपाय म्हणजे राउटरमधले ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’. तिथे संगणकाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाची ओळख, लिहून त्याच्यापुढे ५० हा पत्ता बांधून टाका. तार आणि वायफाय यांचे मॅक पत्ते वेगवेगळे असतात; सर्व्हर तारेने जोडलेला असेल तर तारेचाच लिहा. वायफायवर ठेवणार असाल, तर विंडोजमधील ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेस’ ही सोय बंद करा, नाहीतर ओळखच बदलेल आणि आरक्षण फुकट जाईल. मग टीव्ही आणि संगणक दोन्ही एकदा बंद करून चालू करा.

कोथरूडचा_रहिवासी

पत्ता बांधून टाकला, आणि कोल्हापूरचा मित्र आत आला. त्याचे नाव पडद्यावर उमटले तेव्हा मुलाने इतक्या मोठ्याने हाक मारली, की शेजारचे विचारायला आले. आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार.

एक शंका उरली आहे. मुलाने लॅपटॉपवर मित्रांसारखाच बाहेरचा पत्ता लिहिला, तर त्याला जोडता येत नाही. घरातल्या पत्त्याने येते.

रात्रपाळी_हिंजवडी

सुरुवातीला मी म्हटले होते तो हाच प्रकार. घरातून निघून घराच्याच बाहेरच्या पत्त्याला वळसा घालून परत आत येण्याला हेअरपिन किंवा नॅट लूपबॅक म्हणतात, आणि तो आपल्या राउटरला येत नाही. त्यावर वेळ घालवू नका. मुलाच्या यादीत घरातल्या पत्त्याची नोंद ठेवा.

आता पोर्ट खरोखर उघडा आहे, तेव्हा सुरक्षिततेचे बोलते, आणि हे मुलालाही वाचून दाखवा. सार्वजनिक पत्त्यावर उघडलेला पोर्ट फार काळ लपून राहत नाही. साऱ्या इंटरनेटवरचे पत्ते सतत चाळणारी स्वयंचलित यंत्रणा असतात, आणि २५५६५ हा सर्वांना ठाऊक असलेला पोर्ट आहे. काही दिवसांतच सर्व्हरच्या नोंदीत अनोळखी नावे डोकावून गेलेली दिसतील. ‘व्हाइटलिस्ट’ चालू करून त्यात तिघांचीच नावे घाला. ‘ऑनलाइन-मोड’ खरा ठेवा, म्हणजे खाते तपासल्याशिवाय कोणी मित्राच्या नावाने आत येऊ शकणार नाही. दूरनियंत्रणासाठीचा आरकॉन पोर्ट, सामान्यतः २५५७५, आणि रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हे कोणत्याही परिस्थितीत बाहेर उघडू नका. राउटरचे प्रशासकीय पान बाहेरून उघडत नाही ना, तेही पाहा.

सर्व्हरची आवृत्ती जुनी ठेवू नका. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या घटकात दोष सापडला होता. माइनक्राफ्टच्या गप्पांच्या चौकटीत विशिष्ट अक्षरे लिहिली, की हल्लेखोराला सर्व्हरवर हवा तो प्रोग्राम चालवता येत असे. १.१८.१ या आवृत्तीत तो बुजवला गेला. एखाद्या मॉडसाठी (खेळात भर घालणाऱ्या जोडभागासाठी) त्याहून जुनी आवृत्ती चालवावी लागली, तर उत्पादकाने दिलेला उतारा लावल्याशिवाय ती बाहेर उघडू नका. सर्व्हर चालवण्यासाठी विंडोजमध्ये प्रशासकाचे अधिकार नसलेले वेगळे खाते केलेत, तर अधिक चांगले.

फायरवॉलविषयी एक सूचना. विंडोजने पहिल्या वेळी विचारले तेव्हा दिलेली परवानगी जावाच्या त्या विशिष्ट फायलीला असते. जावाची नवी आवृत्ती दुसऱ्या फोल्डरमध्ये बसली, की ती परवानगी लागू होत नाही. त्याऐवजी २५५६५ टीसीपी या पोर्टासाठी स्वतंत्र ‘इनबाउंड’, म्हणजे आत येणाऱ्या जोडण्यांचा, नियम करा.

खाणकाम_२५५६५

आणि काका, ‘वर्ल्ड’ या फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवत जा, ती घेताना सर्व्हर बंद असू द्या. वीज गेली आणि फाइल अर्धवट लिहिली गेली, तर मुलांनी महिनाभर बांधलेले जग एका क्षणात बिघडते.

बावधनची_आई

धागा पूर्ण वाचला आणि माझ्या राउटरचा वॅन पत्ता तपासला, तो सार्वजनिक निघाला. माझी मुलगी टॅबलेटवर खेळते. तिच्या मैत्रिणींसाठीही २५५६५ हाच पोर्ट वळवायचा का?

रात्रपाळी_हिंजवडी

नाही. टॅबलेटवर बेडरॉक आवृत्ती असते. तिचा सर्व्हर वेगळा आणि पोर्ट १९१३२, तोही यूडीपी, म्हणजे टीसीपीहून निराळ्या पद्धतीने माहिती पाठवणारा. नियम लिहिताना प्रोटोकॉलच्या रकान्यात यूडीपी निवडा, टीसीपी निवडल्यास काहीच पोहोचणार नाही. जावा सर्व्हरवरच बेडरॉकच्या खेळाडूंना आणायचे असेल, तर गीझर नावाचा जोडभाग वापरावा लागतो आणि त्यालाही हाच यूडीपी पोर्ट लागतो.

पोर्ट तपासणाऱ्या संकेतस्थळावर तो ‘बंद’ दिसला, तर घाबरू नका. ही संकेतस्थळे बहुधा टीसीपीच तपासतात, आणि यूडीपीत जोडणी जुळवण्याची पहिली देवाणघेवाणच नसल्यामुळे उत्तर आले नाही यावरून काही सिद्ध होत नाही. एखाद्या मैत्रिणीला मोबाइल डेटावरून प्रत्यक्ष जोडायला सांगा.

बावधनची_आई

यूडीपी निवडला. एका मैत्रिणीला मोबाइल डेटावरून जोडता आले. दुसरीला अजून ‘अनेबल टू कनेक्ट’ येते आहे, तिच्या टॅबलेटवरची खेळाची आवृत्ती जुनी आहे, ती अद्ययावत करून उद्या कळवते.